गोठ्याचें पाणी आणि पाणकणसाचें बन

गाईच्या शेणांत लक्ष्मीचा वास असतो ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वांत तिची कथाच आलेली आहे. श्री गाईंकडे आश्रय मागावयास येते. तूं चंचल आहेस, तुझा भरंवसा नाहीं, असें म्हणून गाई प्रथम तिला नकार देतात. आणि ती फारच विनवूं लागते तेव्हां आपल्या शेणांत व मूत्रांत राहण्याची मोकळीक तिला देतात. या कथेचा शेवट घरोघरीं ठाऊक असतो. लक्ष्मीच्या चंचलपणाचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय त्या चंचलपणाशींच निगडित आहे. शेणमूत्र शेतांत पडलें तर लक्ष्मी आणि ओढ्यांत गेलें तर अवदसा, हा अनुभव गेल्या पाऊणशें वर्षांत जगांतील पुष्कळ गोपालक देशांनीं घेतला आहे, आणि आतां तो आपल्याही दाराशीं येऊन ठेपला आहे.

दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा गोठा डोळ्यांपुढें आणावा. दावणीला दोन गाई, एखादी म्हैस, बैलांची जोडी. सकाळीं शेण हातानें उचलून पाटींत भरावयाचें. त्यांतील कांहीं गोवऱ्यांना, कांहीं सारवणाला, उरलेलें उकिरड्यावर. मूत्र मुरमाच्या जमिनींत किंवा गुरांच्या पायाखालीं पसरलेल्या पालापाचोळ्यांत मुरे, आणि तो पाचोळाही अखेर उकिरड्यावरच जाई. पाण्याचा संबंध त्यांत जवळजवळ नव्हताच. कारण विहिरीवरून हंड्यानें वाहून आणलेलें पाणी गोठा धुण्यांत कोण घालवील? आजचा दुग्धव्यवसायाचा गोठा निराळा आहे. वीस, तीस, पन्नास संकरित गाई, खालीं सिमेंटचा कोबा, आणि दिवसांतून दोन वेळां नळीच्या जोरदार धारेनें केलेली धुलाई. जाड शेण फावड्यानें उचललें जातें. परंतु पातळ शेण, मूत्र, वैरणीचा चुरा, दुधाच्या भांड्यांचें विसळण हें सारें पाण्याबरोबर नालींतून बाहेर पडतें. ही नाली पुढें कोठें जाते, हा प्रश्न गोठा बांधतांना बहुधा कोणी विचारीत नाहीं. उतार ज्या बाजूला असेल त्या बाजूला ती जाते, आणि उतार बहुधा ओढ्याकडेच असतो.

पदवी घेऊन, शहरांतील नोकरी सोडून, वडिलार्जित जमिनीवर दुधाचा धंदा उभारणारे तरुण आज पुष्कळ घरांत आहेत. त्यांचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आणि गृहिणींनींही या व्यवसायाची ही बाजू समजून घ्यावी, म्हणून हा विषय येथें मांडला आहे. घरच्या धंद्याचा नफातोटा जसा सर्वांचा, तसें घरच्या विहिरीचें पाणीही सर्वांचेंच असतें.

पन्नास गोण्यांचा हिशेब

नत्र, स्फुरद व पालाश हें वनस्पतींचें मुख्य अन्न, हें शाळेंतील मुलेंही सांगतात. गाय जी चारावैरण व पेंड खाते तींतील नत्राचा सुमारें चौथा हिस्साच दुधांत उतरतो. उरलेला बहुतेक शेणमूत्रांतून परत येतो. दुधाच्या एका लिटरमध्यें सुमारें ५ ग्रॅम नत्र असतें. अर्थात् रोज १० लिटर दूध देणारी गाय दुधांतून ५० ग्रॅम नत्र देते, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे १५० ग्रॅमच्या आसपास, शेणमूत्रावाटे टाकते. वीस गाईंचे रोजचे ३ किलो झाले; वर्षाचे जवळजवळ ११०० किलो झाले. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत २० किलोंहून थोडें अधिक नत्र असतें. म्हणजे वीस गाईंच्या मध्यम गोठ्यांतून वर्षाकाठीं युरियाच्या पन्नासांहून अधिक गोण्यांइतकें नत्र बाहेर पडतें. त्यांतील निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग मूत्रांत असतो, आणि मूत्र कांहीं फावड्यानें उचलतां येत नाहीं. तें धुवणाबरोबरच जातें. एकीकडे दुकानांतून गोण्या विकत आणावयाच्या आणि दुसरीकडे तेंच द्रव्य ओढ्यांत सोडावयाचें, असा हा व्यवहार आहे.

ओढ्यांत गेलें म्हणून खत आपला गुण सोडीत नाहीं. शेतांत तें पीक वाढवितें, पाण्यांत तें शेवाळ वाढवितें. शेवाळाची दाट साय पाण्यावर धरली कीं खालपर्यंत ऊन पोंचत नाहीं. आणि तें शेवाळ मरून कुजूं लागलें कीं कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु वापरून टाकतात व मासे गुदमरतात. शेणांतील आणि दुधांतील सेंद्रिय द्रव्य तर स्वतःच प्राणवायूचें भुकेलें असतें. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला कुजतांना साधारण दोनशें-तीनशें मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. पातळ शेणकाल्याला तो हजारांच्या हिशेबानें लागतो. आणि दुधाच्या एका लिटरला तर एक लाख मिलिग्रॅमच्या घरांत लागतो. चरव्या व किटल्या विसळलेलें पांढुरकें पाणी दिसावयास निरुपद्रवी, परंतु ओढ्याच्या दृष्टीनें त्याच्याइतकें घातक दुसरें फार थोडें.

विहिरीची गोष्ट याहून नाजूक आहे. जमिनींत मुरलेलें नत्र मातींतील जंतूंच्या क्रियेनें ‘नायट्रेट’ या रूपांत येतें. तें पाण्यांत सहज विरघळतें, त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माती त्याला धरूनही ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, खेड्यांतील विहिरींचें पाणी घालून तयार केलेलें दूध पिणारीं तान्हीं मुलें एकाएकीं निळसर कां पडतात, याचा उलगडा हंटर कॉमली या डॉक्टरांनीं १९४५ सालीं केला. पोटांत गेलेल्या नायट्रेटचें नायट्राइट होतें, आणि तें रक्तांतील प्राणवायु वाहून नेणाऱ्या रंगद्रव्याला निकामी करतें. मोठ्या माणसाला सहसा कांहीं जाणवत नाहीं. परंतु सहा महिन्यांच्या आंतलें, वरच्या दुधावर असलेलें मूल निळें पडतें, आणि वेळीं उपचार झाला नाहीं तर दगावूंही शकतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये. या ठिकाणीं एक गोष्ट प्रत्येक आईनें व आजीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाणी उकळल्यानें रोगजंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण थोडें वाढतेंच. घराजवळ मोठा गोठा किंवा उकिरडा असेल आणि घरांत वरच्या दुधावरील तान्हें मूल असेल, तर विहिरीचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेणें हेंच शहाणपणाचें होय. अंगावर पिणाऱ्या मुलाला हें भय जवळजवळ नसतें.

मोरीच्या तोंडाशीं अळू

आतां उपायाकडे वळूं. कोंकणांत काय किंवा देशावर काय, जुन्या घराच्या न्हाणीचें व मोरीचें पाणी जेथें बाहेर पडे तेथें अळूचा वाफा, दोन केळी आणि कर्दळीचें बेट हटकून असावयाचें. पातळभाजीला पानें मिळावींत, पूजेच्या चौरंगाला केळीचे खुंट मिळावेत, आणि पाण्याचें डबकें होऊं नये, एवढाच त्यांत हेतु. त्यामागचें शास्त्र कोणी कोणाला सांगितलें नव्हतें.

तें शास्त्र शोधण्याचें काम एका जर्मन विदुषीनें केलें. डॉ. केटे झायडेल यांनीं १९५२ पासून प्लोन येथील माक्स प्लांक संस्थेंत लव्हाळ्याच्या जातीच्या पाणवनस्पतींवर प्रयोग आरंभिले. महापुरांत लव्हाळी तगते हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत; ती घाणीच्या पुरांतही तगते, इतकेंच नव्हे तर तिच्या सहवासानें तें पाणीही निवळतें, असें या बाईंना आढळून आलें. फिनॉलसारखीं विषारी द्रव्यें मिसळलेलें पाणी, दुग्धालयांचें पाणी, गुरांच्या गोठ्यांचें पाणी, अशा नाना प्रकारच्या सांडपाण्यांवर त्यांनीं हा उपाय करून पाहिला. सांडपाण्याच्या कामांत मुरलेल्या अभियंत्यांचा मात्र या पद्धतीविषयीं पुष्कळ दिवस पूर्वग्रहच होता. सिमेंटचे हौद आणि विजेचे पंखे यांच्या जागीं गवत कसें काम करील, हें त्यांना पटेना. तरीही झायडेलबाईंनीं आपलें काम सोडलें नाहीं. आणि आज जगभर जी कृत्रिम पाणथळीची पद्धत चालूं आहे तिच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्याच प्रयोगांपासून करण्याची रीत आहे.

वनस्पति घाण पितात, असें ढोबळपणें म्हटलें जातें. पण तें अर्धेंच खरें आहे. मुळें नत्र व स्फुरद शोषून घेतात खरीं. परंतु सांडपाणी दाट असेल तेव्हां एकंदर कामांत त्यांचा हा वांटा लहानच असतो. मोठें काम करतात ते मुळांवर, देठांवर आणि चिखलांत राहणारे सूक्ष्म जंतु. वनस्पति त्यांना घर देतात व अन्न पुरवितात. कमळाचा देंठ किंवा भिसें आडवें कापून पाहिलें असतां त्यांत उभ्या नळ्या दिसतात. पाण्यांत पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या बहुतेक वनस्पतींची रचना अशीच पोकळ असते. पानांकडून आलेली हवा या पोकळींतून चिखलांतील मुळांपर्यंत उतरते, आणि मुळांच्या भोंवतीं प्राणवायूचें एक अगदीं पातळ वेष्टन तयार होतें. या वेष्टनांत एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्रेट करतात. तेथून जवळच, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं अशा काळ्या चिखलांत, दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्रेटमधील प्राणवायु आपल्या श्वासासाठीं काढून घेतात, आणि उरलेलें नत्र बहुतांशीं निरुपद्रवी वायुरूपानें हवेंत परत जातें. आपण ज्या हवेंत वावरतों तिचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नत्राचाच आहे. या दुसऱ्या जंतूंना जें अन्न लागतें तें कुजलेल्या पानांतून मिळतें. एकाच ओंजळभर चिखलांत अशीं दोन भिन्न स्वभावांचीं बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं नांदतात, आणि एकानें टाकलेलें दुसऱ्याच्या उपयोगी पडतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना ही व्यवस्था अधिक फोड करून सांगावयास नकोच.

स्फुरदाची गत वेगळी आहे. तें वायुरूप होऊन उडून जात नाहीं. मातींतील लोह, चुना इत्यादि द्रव्यांना तें चिकटून बसतें, गाळाबरोबर तळाशीं जातें, आणि थोडेंसें पानांदेठांत शिरतें. म्हणजे पाणथळींत आलेलें स्फुरद नाहींसें होत नसून सांठत असतें. मातीची तें धरून ठेवण्याची शक्ति अमर्याद नाहीं. पानें वाळून तेथेंच कुजलीं तर त्यांतील द्रव्य पुन्हां पाण्यांत उतरतें. म्हणून वेळोवेळीं कापणी करून हिरवा पाला बाहेर काढणें, आणि कांहीं वर्षांनीं पहिल्या तळ्यांतला गाळ उपसून शेतांत घालणें, हीं कामें केलीं तरच हा हिशेब पुरा होतो. पाणथळ करून मोकळें झालों असें समजणाऱ्याची पाणथळ थोड्या वर्षांनीं नुसती दलदल होऊन बसते.

वॉटरफर्डचा ओढा

हा उपाय प्रयोगशाळेंतून शेतावर कसा आला हें पाहण्यास आयर्लंड देशांत जावें लागेल. त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉटरफर्ड परगण्यांत डनहिल आणि ॲनस्टाऊन हीं दोन खेडीं आहेत. डनहिलच्या बाजूनें येणारा एक लहानसा ओढा ॲनस्टाऊनपाशीं समुद्राला मिळतो. सारा मुलूख हिरव्या कुरणांचा आणि दुधदुभत्याचा. पाऊस बाराही महिने थोडाथोडा चालूच. गोठ्यांच्या अंगणांतून वाहणारें घाण पाणी त्या पावसाबरोबर ओढ्यांत उतरे. १९९० नंतरच्या दशकांत रोरी हॅरिंग्टन या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें तेथील शेतकऱ्यांनीं आपापल्या शेतांच्या सखल कोपऱ्यांत उथळ तळीं खणलीं. एकापुढें एक अशीं कांहीं तळीं, पाण्याची खोली सुमारें वीतभर, तळाशीं प्लास्टिक न अंथरतां तेथलीच चिकण माती चोपून बसविलेली, आणि त्यांत दाट लावलेलें पाणकणीस, उंच पाणगवतें, पिवळ्या फुलांचा आयरिस. पहिल्या तळ्यांत काळपट पाणी शिरतें. जमिनीच्या उतारानें, झाडोऱ्यांतून वाट काढीत, अगदीं संथपणें तें शेवटच्या तळ्यांत पोंचतें. घाईनें वाहणारें पाणी निवळत नाहीं. म्हणून पाण्याला रेंगाळावयास लावणें हीच या सर्व रचनेची किल्ली आहे.

त्या खोऱ्यांतील अशा बारा पाणथळींचे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या मोजणींत स्फुरद सरासरीनें ९५ टक्क्यांहून अधिक, आणि अमोनियाच्या रूपांतील नत्र ९८ टक्क्यांहून अधिक कमी झालेलें आढळलें. २०१० सालीं आयर्लंडच्या सरकारनें गोठ्यांच्या व घरांच्या सांडपाण्यासाठीं अशा पाणथळी कशा बांधाव्या याची मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. त्या खोऱ्यांतून आतां पायवाट केलेली आहे, आणि सांडपाण्याच्या नांवानें ज्यांनीं नाकाला रुमाल लावावा असे लोक तेथें मुलांबाळांना घेऊन हवा खावयास जातात.

या उदाहरणांतून आपण तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं तेथील शेतकरी सारें शेणमूत्र पाणथळींत लोटीत नाहींत. दाट शेणकाला ते हौदांत सांठवून कुरणांना खत म्हणून देतात. अंगण धुतलेलें पातळ पाणी तेवढें तळ्यांत जातें. दुसरी, छपरावरचें स्वच्छ पाणी ते पन्हळींनीं वेगळें काढतात. कारण तें घाणींत मिसळलें कीं घाण कमी होत नाहीं, घाण पाणी मात्र वाढतें. तिसरी, जागेच्या बाबतींत ते कंजूषपणा करीत नाहींत. धुतल्या जाणाऱ्या अंगणाच्या निदान दुप्पट जागा पाणथळीला द्यावी, असा तेथला धडा आहे. वीस गाईंच्या गोठ्याचें अंगण दोन गुंठे धरलें तर पाणथळीला चार गुंठे लागतील. चार गुंठे जमीन कांहीं थोडी नव्हे. परंतु ओढ्याकांठचा, पावसाळ्यांत चिबड होणारा, पिकाला नालायक असा तुकडा बहुतेक शेतांत असतोच, आणि या कामाला तोच नामी. मात्र पुराचें पाणी जेथवर चढतें त्या रेषेच्या खालीं आणि विहिरीच्या वरच्या अंगाला ही तळीं खणूं नयेत.

आपल्याकडे करावयाचें तर

येथें एखादा चिकित्सक वाचक विचारील कीं, नत्र हवेंत सोडून देणें म्हणजे पुन्हां उधळपट्टीच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचें उत्तर हेंच कीं, पाणथळ ही शेवटची पायरी समजावी, पहिली समजूं नये. पहिली पायरी म्हणजे धुण्यापूर्वीं कोबा कोरड्यानें खरडून घेणें. शेण उचलून मग पाणी मारलें तर पाणीही कमी लागतें आणि घाणही कमी वाहते. मूत्रासाठीं कोब्याला उतार देऊन वेगळी चर ठेवावी व तें हौदांत धरावें. दुसरी पायरी गोबरगॅसची. त्यानें स्वयंपाकघराला इंधन मिळतें, हा लाभ उघडच आहे. परंतु गॅस झाला म्हणजे शेणाचा प्रश्न मिटला ही समजूत चुकीची. गॅसमध्यें जातो तो कर्बाचा भाग. नत्र आणि स्फुरद जवळजवळ सर्वच्या सर्व मळींत शिल्लक राहतात. ती मळी उत्तम खत आहे, ओढ्यांत सोडण्याची वस्तु नव्हे. तिसरी पायरी म्हणून ती मळी व तें मूत्र पिकाला, जितकें पचेल तितकेंच द्यावें. या तीन पायऱ्यांनंतरही जें पातळ पाणी उरतें, त्याच्यासाठीं पाणथळ. घराच्या हिशेबांत आधीं बचत, मग खर्च, आणि शेवटीं किरकोळ. तोच क्रम येथेंही आहे.

आपल्याकडील उष्ण हवा जंतूंच्या कामाला अनुकूलच आहे. अडचण आहे ती पावसाची. आयर्लंडांत पाऊस वर्षभर वांटलेला असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो. म्हणून पागोळ्यांचें पाणी वेगळें काढणें, आणि तळ्यांच्या वरच्या बाजूला चर खणून शेतांतलें वाहतें पाणी बाहेरून वळविणें, हीं दोन कामें येथें आयर्लंडहूनही अधिक अगत्याचीं आहेत. नाहीं तर आषाढांतल्या एका रात्रीच्या पावसानें वर्षाचा गाळ ओढ्यांत जाऊन पडावयाचा. उन्हाळ्यांत उलट दक्षता घ्यावी. पहिलीं तळीं पूर्ण कोरडीं पडूं देऊं नयेत, कारण मातीला भेगा पडल्या कीं घाण पाणी थेट खालीं उतरतें.

डांसांची शंका गृहिणी प्रथम घेतील, आणि ती योग्यच आहे. पाणी वाहतें ठेवणें, तळ्यांच्या कडा स्वच्छ ठेवणें आणि शेवटच्या, निवळलेल्या तळ्यांत गप्पी मासे सोडणें, हे त्यावरील साधे उपाय. घर अगदीं लागून असेल तर दुसरी रीत आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें ‘फायटोरिड’ नांवाची पद्धत तयार केली आहे. तींत पाणी उघडें न ठेवतां खडीच्या थरांतून, झाडांच्या मुळांमधून वाहविलें जातें. पाणी दृष्टीसच पडत नसल्यामुळें डांसांना अंडीं घालावयास जागा राहत नाहीं. मात्र गोठ्याच्या पाण्यासाठीं ही रीत योजावयाची तर आधीं गाळ बसण्याचा हौद पाहिजेच. एरव्हीं शेणांतील चोथ्यानें खडी लवकरच तुंबते.

झाडें कोणतीं लावावींत? पाणकणीस आणि नळ हीं आपल्या ओढ्यांकांठचींच आहेत. कर्दळ तर अंगणांतली. तिचीं लाल-पिवळीं फुलें पाहून पाहुण्यांना हें सांडपाण्याचें तळें आहे अशी शंकाही यावयाची नाहीं. वाळा व वेखंड कडेच्या ओलाव्यांत चांगलीं येतात. पॅरा गवत पाण्यांत जोमानें वाढतें आणि वरचेवर कापून गुरांना घालतां येतें, म्हणजे गोठ्यांतून गेलेलें नत्र वैरणीच्या रूपानें गोठ्यांत परत येतें. परंतु फार खताच्या पाण्यावर वाढलेल्या कोंवळ्या गवतांत नायट्रेट सांठतें व तें गुरांना बाधतें. म्हणून हें गवत एकदम पोटभर न घालतां सुक्या वैरणींत थोडें मिसळून द्यावें. गोठ्याच्या पाण्यावरचें अळू मात्र, कितीही टवटवीत दिसलें तरी, स्वयंपाकघरांत आणूं नये.

जलपर्णीविषयीं कळकळीची सूचना करणें जरूर आहे. पाण्यांतील खत खाण्यांत तिचा हात धरणारी वनस्पति विरळा. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत मिसिसिपी राज्यांत तिच्यावर सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले व ते यशस्वीही झाले. परंतु ती मूळची दक्षिण अमेरिकेंतली; आपल्या देशांत शोभेची म्हणून आली, आणि बंगालमध्यें तिनें इतका उच्छाद मांडला कीं १९३६ सालीं तेथें तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. पुण्याची मुळा-मुठा आणि कोल्हापूरची पंचगंगा यांवर पसरलेला तिचा हिरवा गालिचा आपण पाहतोंच. नदींत जलपर्णी माजली म्हणजे वर कोठेंतरी खत सुटलें आहे असें खुशाल समजावें. पुराच्या एका लोंढ्यानें ती तळ्यांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदींत जाते. म्हणून आपल्या तळ्यांत ती हौसेनेंही आणूं नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं दुग्धशाळा व गोशाळा यांच्यासाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या असून शेण व सांडपाणी गटारांत किंवा जलाशयांत सोडूं नये असा त्यांचा रोख आहे. अर्थात् आज जें समजुतीनें करावयाचें तें उद्यां सक्तीनें करावें लागेल, हें व्यवसाय करणाऱ्यांनीं ओळखून असावें. परंतु केवळ कायद्याच्या धाकानें खणलेलें तळें तपासणीचा दिवस उलटला कीं गाळानें भरून जातें. तें जिवंत राहतें तें घरांतल्या कोणीतरी त्याकडे आपलें म्हणून पाहिलें तर. कापणी केव्हां करावयाची, गाळ केव्हां काढावयाचा, कोणत्या तळ्याला वास येऊं लागला आहे, हें रोज दोन मिनिटें तळ्यावर चक्कर टाकणाऱ्या माणसाला आपोआप कळतें. निवृत्त होऊन गांवीं राहिलेल्या एखाद्या काकांना याहून उपयुक्त सकाळची फेरी सुचवितां येणार नाहीं.

ओढा आपल्या शेताच्या बांधाशीं संपत नाहीं. त्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी विहीर आहे, कोणाचें तरी तान्हें मूल आहे, आणि त्या घराला आपल्या दुधाच्या नफ्यांत कांहींच वांटा नाहीं. म्हणून यापुढें घरांतला मुलगा किंवा पुतण्या गोठ्याचा नकाशा घेऊन वडिलांपुढें येऊन बसेल, तेव्हां गाई किती, कर्ज किती, दूध किती, हे प्रश्न जसे विचारले जातात, तसाच आणखी एक प्रश्न घरांतील वडील माणसांनीं अवश्य विचारावा: या गोठ्याचें पाणी कोठें जाणार? नकाशांत त्याचें उत्तर नसेल, तर ओढ्याकडच्या बाजूला चार गुंठ्यांची जागा आंखून घ्यावी आणि मगच नकाशावर सही करावी.